तुडीलचं रेडकू

आबांना साखर झाली आणि आमच्या घरात कुणी म्हणून स्वस्थ बसेना. साखर त्यांच्या रक्तात होती, पण चुळबुळ सगळ्यांच्या अंगात शिरली. आबा म्हणजे माझे वडील. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या एका कारखान्यात ते पाळीवर जायचे. पोलादपूरच्या अगदी टोकाला, दोन खोल्यांत आम्ही राहायचो. पुढे हमरस्ता, मागे ओढा, शेजार असा नाहीच. कशेडी घाटाकडून उतरणारे ट्रक गिअर बदलायचे ते भिंतीतून ऐकू यायचं आणि मांडणीवरची भांडी किणकिणायची. मला त्याची इतकी सवय झाली होती की रस्ता गप्प झाला तर मी अस्वस्थ व्हायची. तशी मी जन्मापासूनच अस्वस्थ. धड वेणी घालून घ्यायलाही एका जागी बसायची नाही. "या पोरीच्या पायाला भिंगरी हाय," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. साठी उलटली तरी त्यात फरक नाही. एवढं लिहून झालं आणि मी उठून गॅसपाशी जाऊन आले. गॅसवर काही नव्हतं, तरी.

सुरुवात काट्यापासून झाली. दिवाळीच्या आधी आबा भातकापणीला वर वाडीवर गेले होते. आमचं मूळ घर तिथलं, डोंगराच्या कुशीत. घर आणि शेत आबांचे चुलतभाऊ, वसंतकाका, बघायचे. आबा खाली परत आले, पाय धुतले आणि घरात हिंडू लागले, तर फरशीवर लाल ठिपके. आई ओरडली, "अहो, पाय बघा!" करवंदीचा काटा तळव्यात मोडून बसला होता आणि आबांना त्याचा पत्ताच नव्हता. डोंगर उतरून आले होते त्यावर. आईला रक्ताची भीती वाटली. मला भीती वाटली ती आबांच्या चेहऱ्याची, कारण दुसऱ्याच कुणाचा पाय बघावा तसे ते स्वतःच्या पायाकडे बघत होते. जखम काही भरेना. हळद झाली, पाला झाला, कंपनीतलं मलम झालं. शेवटी आई त्यांना महाडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि शाळा बुडवून मीही गेले.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण बोलले ते स्पष्ट. पेनाच्या टोकाने तळवा दाबत त्यांनी विचारलं, "इथे कळतंय?" आबा छताकडे बघत म्हणाले, "टोचलंत का?" मग रक्त तपासलं. साखर निघाली आणि ती बरीच जुनी असावी म्हणाले. गोळ्या दिल्या. भात कमी, चहात साखर नाही, रोज भरभर चालायचं. "आणि अनवाणी पाय जमिनीला लावायचा नाही. एकदाही नाही. तुम्हाला लागलेलं कळत नाही. अशाने पाय जातात, काका."

एसटीतून स्टँडवर उतरल्यावर आबा आईला म्हणाले, "वाडीवर कुणाला बोलायचं नाय हां."

का, ते आम्हाला विचारावं लागलं नाही. शिमग्यात आमच्या गावदेवाची पालखी घरोघर फिरते आणि तिचा पुढचा उजवा खांदा आमच्या घराचा. आबा एरवी चारचौघांसारखे, जरा बुजरेच. पण ढोल-सनईचा खालूबाजा सुरू झाला, पालखी खांद्यावर आली की तो माणूस ओळखू यायचा नाही. पाय असे पडायचे की मुंबईहून आलेली पोरंसुद्धा टाळ्या विसरून बघत राहायची. आणि पालखीखाली पायात चप्पल घालत नाहीत, हे काय सांगायला हवं? वाट सगळी कातळाची, मार्चमध्ये तापलेली. आबांना साखर आहे, पाय उघडा टाकायला बंदी आहे, एवढं वाडीला कळलं असतं तर खांदा वसंतकाकांकडे गेला असता. आबांना मुलगा नव्हता, मी होते. एकदा गेलेला मान परत येत नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. तोवर जखम भरायची, साखर उतरवायची आणि शिमग्याला नाचायचं, हा त्यांचा बेत होता. आईला तो मुळीच पटला नव्हता, पण मोडताही येईना.

पहिलं भांडण भातावरून. आमच्याकडे जेवण म्हणजे भात. भाताचा ढीग, मध्ये आळं, आळ्यात कुळथाची पिठी आणि कडेला भाजलेला बोंबील. आबांच्या लहानपणी वाडीवर भात सणालाच शिजायचा, बाकी वर्ष नाचणीवर आणि वरीवर. म्हणून आईने पहिल्या दिवशी ताटात नाचणीची भाकरी, वालाची उसळ, शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि शेवटी एवढासा डाव भात वाढला, तेव्हा आबांना ते ताट म्हणजे उलटं फिरून वाडीवर गेल्यासारखं वाटलं.

"मी कंपनीत लागलो कशाला गो? दोन येळ भात खायला ना?"

"पाय ऱ्हायला तर कंपनीत जाल ना?"

आई तुडीलची, नदीकाठची. तिचं बोलणं आमच्या बाजूपेक्षा धारदार होतं. "घरात दोन चुली मांडणार नाय मी," तिने मलाही बजावलं. "ते खातील ते आपण खायचं." म्हणजे मलाही नाचणी. आबा जेवून उठायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे, डब्यांची झाकणं उघडून बघायचे. काय शोधताय म्हटलं तर, "काय नाय, बघतोय." मी त्यांच्या मागे तशीच हिंडायची. बापलेक घरात येरझारा घालतायत आणि आई मधोमध बसून सुकट निवडतेय, असं ते घर होतं.

कंपनीतही आई डबा द्यायची. तो रिकामा होऊन परत यायचा, म्हणून ती खूश होती. मग एका रविवारी कंपनीच्या बसमधले त्यांचे जोडीदार घरी आले आणि म्हणाले, "वैनी, तुमच्या हातची नाचणीची भाकर म्हणजे काय सांगू! रोज खातो. सुदामभाऊ आपला माझ्या डब्यातला भात घेतात बिचारे." आबा उठून ओढ्याकडे निघून गेले ते दिवेलागणीलाच आले. त्यानंतर आईने डब्यात भाकरी दोन जोड द्यायला सुरुवात केली, एक जोडीदाराला. आता त्याच नाचणीची बिस्किटं रंगीत खोक्यात घालून महाडच्या दुकानांत विकायला असतात, माझा मुलगा मला ती पुण्याहून आणून देतो आणि वर त्यातले गुण वाचून दाखवतो. मी ऐकून घेते. आबा असते तर त्यांनी खोकं आईच्या हातात दिलं असतं आणि परत ओढ्याकडे गेले असते.

चालणं ही त्याहून मोठी पंचाईत. आज पोलादपुरात सकाळी बघावं तर निम्मं गाव पांढरे बूट घालून हात हलवत चाललेलं असतं. तेव्हा आमच्याकडे कुठेही न जाता, हातात काही न घेता चालणारा माणूस ही गोष्टच नव्हती. डोक्यावर भारा असेल, हातात कोयती असेल, दुधाची किटली असेल तर ठीक. नाहीतर गाडी चुकलेली असणार आणि मग त्याला आपल्या गाडीत घेणं हे येणाऱ्या प्रत्येकाचं काम. नको म्हणायचं म्हणजे त्याच्याशी वाकडं असल्यासारखं. सोबत म्हणून आईने मला दिलं होतं. पहिल्या सकाळी आम्ही धुक्यातून महाडच्या दिशेने निघालो. आबांनी जखमेसाठी घेतलेले पांढरे कॅनव्हासचे बूट घातले होते आणि ते लपवायला लेंगा खाली ओढत होते. वळणही आलं नव्हतं तोच मागून गणूचा टेंपो येऊन थांबला. हा गणू आमच्या आधीच्या घरमालकांचा मुलगा, महाडला भाजी न्यायचा.

"चढा सुदामभाऊ!"

"नको रे, जा तू."

"येष्टी गेली का?"

"नाय."

"मंग? वैनीशी भांडलाव काय? पोरीला पण घेऊन निघालाव!"

आबांना खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलायचं नव्हतं, म्हणून ते टेंपोत चढले. मीही चढले. गणूने आम्हाला महाडला नेलं, आबांची समजूत घालून चहा पाजला, दोन चमचे साखर स्वतःच्या हाताने जास्त घातली आणि परतीच्या एसटीत बसवलं. पहिल्या दिवसाचा व्यायाम असा झाला. दुसऱ्या दिवशी एका मास्तरांची स्कूटर, तिसऱ्या दिवशी दगडांचा ट्रक. घरी आलो की आई आबांच्या कपाळाकडे बघायची. घाम नाही. "बसून आलाव ना परत?"

मग एका सकाळी परत गणूच थांबला आणि आबांच्या तोंडून निघून गेलं, "रेडकू हरवलंय रे. तेच शोधतोय."

गणूने टेंपो बंद केला. "कुठलं रेडकू?"

"तुडीलचं. हिच्या मामाकडनं आणलं. आणताना वाटेत दावं तोडून पळालं."

गणू गंभीर झाला. जनावर हरवणं म्हणजे चेष्टा नाही. पळालेलं जनावर जुन्या गोठ्याच्या ओढीने नदीच्या कडेने खाली जाणार, हे त्याने आम्हालाच समजावून सांगितलं आणि आम्हाला न घेता निघून गेला. मी आणि आबा एकमेकांकडे बघत राहिलो. त्या दिवशी आम्ही मनसोक्त चाललो. गाडी थांबली की आबा आधीच सांगायचे, गाडी हळहळून पुढे जायची. घरी आलो तर आबांच्या शर्टाची पाठ ओली होती. आई खूश झाली, पण कारण ऐकल्यावर तिचा पारा चढला. "माझ्या माहेरची जनावरं पळकुटी नायत! दुसरं कुठलं गाव नाय सापडलं?"

चहाचा प्रश्न राहिलाच होता. रेडकू शोधणारा माणूस दमलेला असणार, म्हणून लोक आणखी आग्रहाने घरात बोलवायचे आणि बिनसाखरेचा चहा मागणं म्हणजे त्या बाईच्या हाताला नावं ठेवणं. एकदा एका ओसरीवर गोड चहाचा कप आबांच्या हातात आला, बशीत भरपूर बुंदी आली आणि ते हताश होऊन माझ्याकडे बघायला लागले. मी पटकन बोलले, "आबांनी नवस केलाय. रेडकू सापडेपर्यंत गोड नाय खायचं. भात पण नाय." त्या बाईने कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि कप आत नेला. डॉक्टरांचा सल्ला त्या ओसरीवर कुणी जुमानला नसता. एका घोटाने काय होतंय, म्हणाले असते. नवस म्हटल्यावर सगळी ओसरी गप्प झाली. मला माझ्या हुशारीचा इतका गर्व वाटला की मी रस्ताभर उड्या मारत आले. आबांचा चेहरा मात्र उतरला होता. "देवाच्या नावानं नको गो बोलायला पायजे होतं," एवढंच म्हणाले.

इथून पुढे ते रेडकू आमच्या हातात राहिलं नाही. सगळा मुलूख त्याच्या मागे लागला. कुणी सांगायचं, पुलाखाली काळं काहीतरी चरताना दिसलं. कुणी म्हणायचं, नदीपलीकडे एक मोकाट जनावर हिंडतंय, कपाळावर चांद आहे, तुमच्याला चांद होता का? आबा म्हणायचे, होता. मग जाऊन बघणं आलं, कारण सांगणारा दुसऱ्या दिवशी विचारणार. आम्ही नदी ओलांडली, पांदीच्या अरुंद वाटा तुडवल्या, टेकाडं चढलो. न जावं तर खोटं उघडं पडेल, या धाकाने आबा रोज कालच्यापेक्षा लांब जायचे. ऊन चढेपर्यंत आम्ही चालायचो आणि मग आबा पाळीची बस गाठायला धावायचे. त्यांचं पोट उतरलं, गाल बसले, झोप लागू लागली. जखमेवर गुलाबी कातडी आली. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी कागद बघून मान हलवली आणि विचारलं, "काय करता काय तुम्ही?" आबा म्हणाले, "चालतो."

मी त्या चालण्यात सुखात होते. पण आबा सुखात नव्हते, हे मला दिसत होतं. माझा बाप चालताना देऊळ आलं की तोंड फिरवायचा. खोटा नवस बोलून त्याच देवाला खांद्यावर कसं घ्यायचं, हे त्यांना खायला उठलं होतं. शिमगा जवळ येत चालला तसे ते घरात बसेनातच. ताटावरून मध्येच उठायचे, दारात उभे राहायचे. आई म्हणायची, "अहो, निदान भाकर तरी बसून खा."

आणि एका सकाळी रेडकू आलं.

खरंखुरं, काळं कुळकुळीत, कान हलवत. गळ्यात नवं दावं आणि दाव्याच्या दुसऱ्या टोकाला बाबूदा. आमच्या वाडीच्याही वर, डोंगरमाथ्याच्या माळावर त्यांची वस्ती, म्हशी आणि शेळ्या राखायची. आबांची त्यांची लहानपणापासूनची ओळख. उजाडायच्या आत निघून ते सगळा डोंगर उतरून आले होते. त्यांच्यामागे गणू, गणूच्या मागे रस्त्यावरची आणखी पाचसहा माणसं, सगळ्यांची तोंडं हसरी. गणूच्या हातात पेढ्यांचा पुडा.

"सापडलं?" मी वेड्यासारखी विचारून बसले.

बाबूदा खाली टेकले. "नाय गो. तुमचं काय आता मिळायचं नाय. माळावर दोन-तीनदा रान धुंडलं आम्ही. बिबट्यानं नेलं असंल." मग आबांकडे बघून म्हणाले, "हे माझ्याच म्हशीचं हाय. घे. किती दिस नुसता फिरतोयस, भात नाय, गोड नाय. ऐकून मला गिळवंना. रेडकू दारात आलं, नवस फिटला तुझा. आता जेव."

"तोंड उघडा सुदामभाऊ!" गणूने पेढा आबांच्या ओठांपाशी धरला. आई दारात पदर तोंडाला लावून उभी होती. रेडकू माझा हात चाटत होतं, खरखरीत जिभेने. आबांनी पेढा बघितला, रेडकू बघितलं, बाबूदांचे धुळीने पांढरे झालेले पाय बघितले. एक घास खाल्ला असता तर सगळं निभावलं असतं. खांदाही राहिला असता. मला वाटत होतं, खा, आबा, एवढा एक खा. त्यांनी गणूचा हात हळूच खाली केला.

"माझं रेडकू हरवलंच नाय," ते म्हणाले. "रेडकूच नव्हतं. मला साखर झालीय. डॉक्टरनं चाला म्हणून सांगितलं. लाज वाटली बोलायला."

मग कुणीतरी फुसकन हसलं आणि गणूही हसला, पण बाबूदा हसले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "म्हंजे मी पोरांना रानात पिटाळलं ते..." ते थांबले. "माझी म्हस पहाटेपास्नं रेकतेय रे तिकडं."

"चल," आबा बुटांच्या नाड्या बांधत म्हणाले. "मी येतो. मी पोचवतो त्याला."

आम्ही तिघं आणि रेडकू, असे चढलो. ती चढण मी कधी विसरायची नाही. बाबूदा पुढे, मागे वळूनही बघत नव्हते, आबा रेडकाला चुचकारत मध्ये आणि मी शेवटी. दिवाळीत धापा टाकणारा माझा बाप त्या उभ्या वाटेवर दम न लागता चालला होता आणि ते बघायला कुणी नव्हतं म्हणून मला रडू येत होतं. वाट वाडीतून जाते. वसंतकाका कवाडीपाशी कुंपण बांधत होते. आबा थांबले आणि तिथेच, रेडकाचं दावं हातात धरून त्यांनी काकांना सगळं सांगितलं. साखर, पाय, नवस, सगळं. शेवटी म्हणाले, "या शिमग्याला खांदा तू घे, वसंता." काकांनी हातातला काटेरी फांद्यांचा फेसा खाली ठेवला. आबांचे बूट बघितले. मग म्हणाले, "पाणी पितोस?" आबा प्यायले आणि आम्ही पुढे निघालो.

माळावर पोचलो तेव्हा म्हशीचा घसा बसला होता. रेडकाने आबांच्या हातून दावं हिसकलं आणि जाऊन कासेला ढुशी मारली. ते दूध ओढत राहिलं आणि आम्ही तिघं उभ्याने बघत राहिलो. बाबूदा झोपडीत गेले, ताकाचा तांब्या घेऊन आले आणि आबांसमोर धरून म्हणाले, "पी. ह्यात साखर नाय." त्यानंतर त्यांना हसू फुटलं ते आवरेना. आबाही हसले, पण त्यांचे डोळे भरले होते.

शिमग्याला आम्ही वर गेलो. आबांना जाववत नव्हतं आणि खालीही राहवत नव्हतं. पालखी आमच्या घरी यायच्या आदल्या दुपारी ते देवळाकडे गेलेले असताना वसंतकाका आले. अंगणाच्या कडेला उभे राहून आईला म्हणाले, "वैनी, अंगण सारवाल ना, तर असं सारवा की एक खडा ऱ्हाता कामा नये. एक पण." आणि तिच्याकडे बघत थांबले. ते गेल्यावर आई पायरीवर बसली, परत उठली, परत बसली. डॉक्टरांचं ते 'एकदाही नाही' तिच्या कानात माझ्याइतकंच होतं. मग मला म्हणाली, "घरात हिंडतात तेव्हा काय बूट असतात पायात? अंगण म्हंजे घरच. शेण आण."

आम्ही दोघींनी ते अंगण गुडघ्यांवर बसून सारवलं. आधी तळहाताने सगळी जमीन चाचपली. मी एका टोकाने, आई दुसऱ्या टोकाने. खडे, काटक्या, करवंदीची वाळकी काडी, फुटक्या बांगडीचा तुकडा, जे हाताला लागेल ते सुपात. त्यांच्या तळव्याला कळत नव्हतं ते आमच्या तळव्यांना कळायला हवं होतं. सारवून वाळलं, तरी सकाळी आईने परत एकदा हात फिरवला.

पालखी ऊन कलताना आली. पुढच्या उजव्या खांद्याला वसंतकाका, अनवाणी, घामाने निथळलेले. आबा कॅनव्हासचे बूट घालून ओसरीवर उभे होते, हात जोडून, आणि बाजाच्या ठेक्यावर त्यांच्या टाचा आपोआप हलत होत्या. ते मला बघवलं नाही. अंगणाच्या कडेला येऊन पालखी थांबली. काकांनी बाजा थांबवायला खूण केली.

"दादा, ये. वाट मी चाललो. अंगण तुझं."

"वसंता, नको रे. मी देवाच्या नावानं..."

"देवानंच चालवलाय तुला इतके महिने. बूट काढ. वैनीनं सारवलंय."

आबांनी आईकडे बघितलं. आईने मान हलवली. ते पायरीवर बसले, नाड्या सोडल्या, बूट जोडीने बाजूला ठेवले आणि जमिनीवर पाय टाकला. काकांच्या खांद्यावरून दांडा त्यांच्या खांद्यावर आला. बाजा सुरू झाला आणि माझा बाप नाचला. इतके महिने रस्त्यांवर, पांदीत, टेकाडांवर जे काही साठलं होतं ते सगळं त्या एवढ्याशा अंगणात उतरलं. लोक देवाचं नाव घेत होते. बाबूदा माळावरून आले होते, ते ओरडत होते. सगळं गाव पालखीकडे बघत होतं आणि आई आणि मी, आम्ही दोघी फक्त पायांकडे बघत होतो.

पालखी पुढच्या घरी गेली. आईने आबांना ओसरीवर बसवलं, तांब्या घेतला आणि त्यांचे पाय मांडीवर घेऊन धुतले. लागलं का, असं त्यांना विचारून उपयोग नव्हता. तिने एकेक तळवा उजेडाकडे वळवून बोटाने चाचपला, मग मला सांगितलं, "तुझे डोळे चांगले हायत, तू बघ." मी बघितलं. शेणाचा हिरवट रंग होता, ओरखडा एकही नव्हता. आबा वर आढ्याकडे बघत होते. आईने त्यांचे पाय मांडीवरून खाली ठेवलेच नाहीत, तशीच बसून राहिली आणि रडली.

त्यानंतर आबा पुष्कळ जगले. अंगणातला तो खांदा शेवटपर्यंत त्यांचाच राहिला आणि त्यांचे दोन्ही पायही. पण मला लिहायचं होतं ते दोन दिवसांनंतरचं. आम्ही खाली परत आलो होतो. सकाळी आई चुलीपाशी होती, मी वेणी घालून घेत होते, म्हणजे घालून घ्यायला बसत नव्हते. आता काही लपवायचं नव्हतं, कुणाला पटवायचं नव्हतं, सगळ्यांना सगळं कळलं होतं. आबा अंथरुणातून उठले, दारापर्यंत गेले, परत आले आणि कोपऱ्यातले बूट काढून पायात घालायला लागले.

"आज कुठं?" आईने विचारलं.

"रेडकू बघून येतो," आबा म्हणाले. मी तिच्या हातातून वेणी सोडवली आणि त्यांच्यामागे धावले.